पेनांग: गाड्यांच्या वेळा सांभाळून तीन दिवस

मलेशियाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या पेनांग बेटावर जायचं ठरलं की आधी जेवणं आखा. तिथली खरी चव गाड्यांवर आहे. गाडेवाला बहुधा एकाच पदार्थात मुरलेला असतो, ठरलेल्या वेळीच तो करतो आणि माल संपला की आवरून घरी जातो. देवळं आणि डोंगर दुपारीही जागेवर असतात, सकाळचा गाडा नसतो. म्हणून खाण्याच्या वेळा पक्क्या करायच्या आणि प्रेक्षणीय स्थळं त्यांच्या मधे बसवायची.

तयारी

- हंगाम: डिसेंबर ते फेब्रुवारी बराच कोरडा असतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस जोर धरतो. ड्युरियन खायचा असेल तर जून-जुलै गाठा.
- कागदपत्रं: भारतीय पासपोर्टवर १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसा माफ आहे. सवलत मुदतीची असल्याने तिकीट काढण्याआधी ताजा नियम पाहा. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरा. ते मोफत आहे.
- पैसे: छोट्या नोटांत रोख रिंगिट.
- मुक्काम: बेटावरच्या जॉर्जटाउन शहराच्या जुन्या वस्तीत. बहुतेक ठिकाणं पायी होतात.

कृती

१. बेट गाठा. क्वालालंपूरहून विमानाने साधारण तासाभरात पोचता येतं. वेळ असेल तर रेल्वेने बटरवर्थला या आणि तिथून फेरीने खाडी ओलांडा. फेरी थेट जुन्या शहराच्या धक्क्याला लागते.

२. गाड्यांची रीत समजून घ्या. आधी टेबल धरा आणि त्याचा क्रमांक पाहून ठेवा. मग गाड्यावर जाऊन पदार्थ आणि क्रमांक सांगा. प्लेट टेबलावर आली की तिथेच पैसे द्या. पेय मात्र जागेच्या मालकाच्या माणसाकडून मागवा. प्लेटा लहान असतात, तरी दोघांत एकच घ्या, म्हणजे एका बैठकीत तीन-चार चवी होतात.

३. पहिली सकाळ: शहर. लिटल इंडियात गरम रोटी चनाई डाळीसोबत खा, वर फेसाळ तेह तारिक चहा. मग कपितान केलिंग मशिदीच्या रस्त्याने चाला. १८१८चं सेंट जॉर्ज चर्च, दयेची देवी क्वान यिनचं चिनी देऊळ, १८३३चं महामारिअम्मन मंदिर आणि १८०१ साली स्थापन झालेली मशीद इथे हाकेच्या अंतरावर उभी आहेत. २००८ साली जॉर्जटाउनला युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं, ते या शेजारधर्मामुळेही. दुपारी नासी कंदर घ्या. तमिळ मुसलमान विक्रेते पूर्वी कावडीतून हा भात आणि रस्से विकत फिरत. दोन-तीन रस्से एकत्र घालायला सांगा, खरी लज्जत त्या मिसळण्यात आहे.

४. पहिली संध्याकाळ: चार क्वे त्याव. न्यू लेन किंवा गर्नी ड्राइव्हला जा. तांदळाच्या रुंद शेवया, कोळंबी, शिंपल्या, अंडं आणि मोड भडक आचेवर परततात. चांगला गाडेवाला एका वेळी एकच प्लेट करतो, त्यामुळे थांबावं लागतं. थांबाच. चिनी गाड्यांवर डुकराची चरबी वापरतात. ती चालत नसेल तर आधी विचारा.

५. दुसरा दिवस: टेकडी. सकाळी लवकर पेनांग हिलला जा. १९२३ साली सुरू झालेली दोरखंडी रेल्वे वर नेते. ऊन चढलं की गर्दी वाढते आणि धुरकटपणाही. उतरल्यावर जवळच्याच केक लोक सी मंदिरात या. १९३० साली पूर्ण झालेल्या पॅगोड्याचा पाया चिनी, मधला भाग थाई आणि कळस ब्रह्मी आहे. मग एअर इतामच्या बाजारात आसाम लक्सा खा. बांगड्याच्या जातीच्या माशाचा हा आंबट-तिखट रस्सा चिंच आणि आसाम गेलुगोर घालून करतात. गेलुगोर आपल्या कोकमाच्याच कुळातलं. वर पुदिना, अननस आणि कोळंबीची दाट काळी पेस्ट. पेस्ट नीट ढवळून मगच पहिला घास घ्या.

६. तिसरा दिवस: धक्के आणि गल्ल्या. सकाळी च्यू जेटीवर समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुळांची घरं पाहा. तिथे माणसं राहतात, तेव्हा आवाज कमी ठेवा. पुढे आर्मेनियन स्ट्रीटवरची २०१२ सालची भित्तिचित्रं आणि खू कोंग्सी या कुळवास्तूचं कोरीवकाम. उन्हाच्या तडाख्यात चेंडोल घ्या: हिरव्या पिठाच्या शेवया, नारळाचं दूध, ताडगूळ आणि बर्फ. शिरवाळे आवडणाऱ्या कोकणी माणसाला ही चव ओळखीची वाटेल.

शाकाहारी असाल तर

‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थातही आंबवलेल्या कोळंबीचं बेलाचान असू शकतं. मांस, मासे, कोळंबी आणि बेलाचान नको, असं एकेक नाव घेऊन सांगा. लिटल इंडियातली तमिळ शाकाहारी हॉटेलं आणि चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी हा भरवशाचा आधार.

वेळ कमी असेल तर

टेकडी सोडा, गाडे सोडू नका. आवडीचा गाडा बंद निघाला तर स्थानिकांची रांग असलेल्या शेजारच्या गाड्यावर उभे राहा. बेटावरचा माणूसही तेच करतो.