मुलांची हगवण आणि निष्प्रभ होणारी औषधे

पावसाळा लागला की पहिली-दुसरीच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. पुष्कळदा कारण हगवण हेच असते. अशा वेळी मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या मुलास देण्याची चाल अनेक घरांत आहे. तीत कोणता धोका आहे हे शिक्षकांनी समजून घ्यावे व विद्यार्थ्यांकरवी घरोघरी पोहोचवावे, हा या पाठाचा हेतू होय.

रक्ती आव बहुधा शिगेला या जंतूंमुळे होते. जपानी शास्त्रज्ञ कियोशी शिगा यांनी १८९७ साली हा जंतू शोधला. त्यांच्या नावावरूनच तो ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात या रोगावर सल्फा औषधे सर्रास दिली गेली. काही वर्षांतच ती लागू पडेनाशी झाली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लीन व क्लोरँफेनिकॉल ही प्रतिजैविके आली. परंतु १९५५ च्या सुमारास या चारही औषधांना दाद न देणारे शिगेला आढळले. नवल असे की, अशा रुग्णांच्या आतड्यांतील ई. कोलाय या नेहमीच्या जंतूंतही तोच गुण दिसला. एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूस हा गुण देऊ शकतो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये सिद्ध केले.

यातून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. गरज नसता घेतलेल्या प्रतिजैविकाने आतड्यांतील साधे जंतू निर्ढावतात. पुढे खरा रोगजंतू आला की तो त्यांच्याकडून हा गुण घेऊ शकतो. मग नेमक्या गरजेच्या वेळी औषध निष्प्रभ ठरते.

वर्गातील प्रयोग : सर्व मुलांस उभे करून एकाच्याच कानात कोड्याचे उत्तर सांगावे. शिक्षकांनी ‘औषध आले’ म्हणताच उत्तर न जाणणाऱ्यांनी खाली बसावे. एकच मूल उभे राहील. नंतर सर्वांस पुन्हा उभे करून ते उत्तर शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कुजबुजू द्यावे आणि पुन्हा ‘औषध आले’ म्हणावे. आता किती जण उभे राहिले, हे मुलांकडून मोजून घ्यावे.

लहान मुलांची पुष्कळशी हगवण रोटासारख्या विषाणूंमुळे होते. विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. मूल दगावते ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार कमी झाल्याने. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजण्याचा उपाय योजला. शेकडा ३० च्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आले.

पालकसभेत सांगावयाच्या गोष्टी :

१. हगवण लागताच क्षारसंजीवनी पाजावी. पाकीट नसल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. द्रावण २४ तासांत संपवावे.

२. अंगावरचे दूध व नेहमीचे अन्न बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने १४ दिवस द्याव्यात.

३. शौचात रक्त, डोळे खोल जाणे, गुंगी किंवा पाणीही न पिणे, यांपैकी काही दिसताच मुलास विनाविलंब दवाखान्यात न्यावे. रक्ती आवेस प्रतिजैविक लागते. ते डॉक्टरांनीच ठरवावे व सांगितले तितके दिवस द्यावे.

४. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. जो रोग झालाच नाही, त्यास औषधही लागत नाही.