समाचाराचे पत्र

आषाढी जवळ आली की दिंडीचालक गेल्या सालची नावांची वही काढतो. त्या वहीत दरसाल दोन-चार नावे अशी निघतात, की त्यांच्यापुढे आता भिशीची रक्कम मांडायची नसते. त्या घरी पत्र घालावे लागते, आणि तिथेच भलेभले अडतात. कीर्तनात दोन तास बोलणारा माणूस एका कार्डावर चार ओळी लिहिताना घाम पुसतो. शेवटी मोबाइलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि जोडलेले दोन हात पाठवून मोकळा होतो. ते पाठवू नये असे आमचे म्हणणे नाही. पण तेवढ्याने समाचार घेतला असे समजू नये.

आपल्या मंडळींची या कामी एक खोड आहे. पत्र लिहायला बसले की लेखणीतून आधी वेदान्त उतरतो. देह नाशवंत आहे, आत्मा अमर आहे, शोक करू नये. सगळे खरेच आहे हो, पण ते कुणाला आणि केव्हा सांगायचे? गीतेचा दुसरा अध्याय नीट पाहा. शोक कसा व्यर्थ आहे हे भगवंतांनी अर्जुनाला सांगितले ते अकराव्या श्लोकापासून पुढे. त्याआधी सातव्या श्लोकात अर्जुनानेच ‘मी तुझा शिष्य, मला शिकव’ म्हणून हात जोडले आहेत. शिवाय अर्जुन रडत होता तो अजून न झालेल्या मरणांसाठी. ज्या घरातून काल तिरडी उठली त्या घराने आपल्याला काही विचारलेले नसते.

आणि ज्याने गीता प्रत्यक्ष ऐकली, त्याचे पुढे काय झाले? युद्धाच्या तेराव्या दिवशी अभिमन्यू पडला. तेव्हा हाच अर्जुन धाय मोकलून रडला. आपल्या तोंडाने सुभद्रेला काय सांगावे हे त्याला कळेना, म्हणून तिच्या सांत्वनाला भगवंतांना पाठवले. ज्ञान ऐकूनही रडू येते, हे ज्याच्या ध्यानात आले त्याचे पत्र निम्मे सुधारले.

संतांकडे पाहावे तर तेच. शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीस माउलींनी समाधी घेतली. नामदेवरायांचे समाधीचे अभंग त्या प्रसंगाचे आहेत. त्यांत निवृत्तिनाथ, जे गुरू आणि थोरले बंधू, त्यांचाही धीर सुटतो, आणि नामदेवराय ते झाकून ठेवत नाहीत. तुकोबारायांच्या मागे त्यांचे धाकटे बंधू कान्होबा यांचे अभंग गाथेत आहेत. कान्होबा तर सरळ विठ्ठलाशी भांडतात, भाऊ परत मागतात. ते भांडण गाथेतून कुणी काढून टाकले नाही. मग आपण कोण लागून गेलो, की एखाद्या माउलीला तिसऱ्या दिवशी लिहावे, ‘रडू नका, तुम्ही तर माळकरी’?

आता मायन्याचे पाहू. मायन्यावाचून पत्र अडते, ही गोष्ट आपल्या संप्रदायाला नवी नाही. माउलींना वडील म्हणून लिहावे की धाकटे म्हणून, हे ठरेना म्हणून चांगदेवांनी कोरेच पत्र पाठवले, आणि त्याच्या उत्तरातून पासष्टी झाली, अशी कथा आहे. समाचाराच्या पत्रात त्याहून नाजूक अडचण येते. कालपर्यंत जिला ‘सौ.’ लिहिले, तिच्या नावाआधी आज काय लिहावे? जुन्या रीतीप्रमाणे ‘गं. भा.’ लिहितात. आमचे स्पष्ट मत असे, की तो शब्द तिला पहिल्यांदा आपल्या कार्डावर वाचायला लागू नये. वारकऱ्याजवळ ‘माउली’ हा शब्द असताना दुसरे काही शोधायचे कारण नाही. तसेच सवयीने हात ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहून जातो, तोही आवरावा. गेलेल्या वारकऱ्याला ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी लिहिण्याची आपली रीत आहे. पण घरच्यांना लिहिताना ते ज्या नावाने हाक मारत तेच नाव बरे.

मजकुरात काय घालावे? समजा, पिंपळीचे एक टाळकरी होते. तुकोबारायांची पालखी बारामती सोडून पिंपळीवरून काटेवाडीकडे निघाली, की हे काखोटीला वळकटी मारून दिंडीत शिरायचे. त्यांना सगळे नाना म्हणत. नाना सज्जन होते, कष्टाळू होते, हे त्यांच्या बायकोला आपण कशाला सांगायचे? चाळीस वर्षे तिनेच पाहिले आहे. तिने पाहिले नाही ते वाटेवरचे नाना. तेवढे आपल्याजवळ आहे आणि ते तिचे आहे. दिंडीतल्या कुणी असे लिहावे :

‘माउलीस दंडवत. नाना गेल्याचे काल कळले. काय लिहावे सुचत नाही. गेल्या साली सणसरच्या मुक्कामी रात्री पाऊस लागला आणि तंबूत पाणी आले. नानांनी आपली घोंगडी आमच्या म्हाताऱ्या विणेकऱ्याला दिली आणि स्वतः पहाटेपर्यंत बसून काढली. वर हसून म्हणाले, घरी सांगू नका, घोंगडी तिनेच बांधून दिली आहे, रागावेल. तुम्हाला हे ठाऊक नसेल म्हणून लिहिले. औंदा पालखी पिंपळीला येईल त्या दिवशी आम्ही दोघे-तिघे दाराशी येऊन बसू. चहापाण्याचे काही मांडू नये. उत्तर घालण्याची तसदी घेऊ नये.’

एवढे पुरे. ‘वय झालेच होते’, ‘सुटले बिचारे’, ‘देवाला आवडले’ हे घरच्यांनी म्हटले तर ऐकावे, आपण लिहू नये. शेवटी कसे झाले, कोणता डॉक्टर होता, ही चौकशी तर नकोच.

शेजारच्या गावचा असेल त्याने मदतही लिहावी, पण ‘काही लागले तर सांगा’ एवढे मोघम नको. दुःखातला माणूस सांगत नाही. बारामती-इंदापूरच्या बागायतीत नीरा डाव्या कालव्याची पाळी कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. ‘या पाळीला तुमच्या उसाची दारे मी धरतो’, हे एक वाक्य पानभर उपदेशाहून मोलाचे. वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे बरोबर जाणारा कुणी लागतो, पण ती गोष्ट पहिल्या पत्रात काढू नये. महिनाभराने काढावी.

पत्राला वेळ झाला म्हणून पुष्कळजण लिहीतच नाहीत. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. खरा सुनेपणा पुढे येतो. तेव्हा आलेले कार्ड दोनदा वाचले जाते. पूर्वी मृत्यूची वार्ता कळवणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडून ते टाकीत, आणि वाचले की लगेच फाडून टाकीत. समाचाराचे पत्र मात्र देव्हाऱ्यामागे, पोथीत, ट्रंकेत वर्षानुवर्षे सापडते. कार्ड १८७९ साली पाव आण्याला निघाले, तेव्हापासून गरिबालाही ही सोय आहे.

ज्याला लिहिता येत नाही त्याने नातवाकडून लिहवून घ्यावे. नातवाने मात्र आजोबा बोलतील तसेच उतरावे. ‘लई वंगाळ झालं’ असे ते म्हणाले, तर त्याचे ‘अत्यंत दुःखद घटना घडली’ करू नये.