ठिकाण नसलं तरी चालेल, परतीची वेळ हवी

डोकं तापलं की गाडी काढायची आणि रस्ता नेईल तिकडं जायचं, हा उपाय कोथरूड-बावधनकडच्या लोकांच्या फार हाताशी आहे. चांदणी चौक ओलांडला, भूगाव-पिरंगुटची गर्दी मागं पडली की पौडच्या पुढं रस्ता मोकळा होतो, मुळशीचं पाणी दिसू लागतं आणि ताम्हिणी घाट आपोआपच येतो. अडचण आहे ती या ‘आपोआप’चीच.

कोथरूडच्या एक शिक्षिका जुलैतल्या एका दुपारी अशाच निघाल्या. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं होतं. पर्स उचलली, किल्ली घेतली, घरात कुणाला काही सांगितलं नाही. बाईंचा हात गाडीवर चांगला बसलेला आहे, हे मुद्दाम सांगायला हवं. ही गोष्ट नवशिक्याची नाही.

पौडपर्यंतचा रस्ता त्यांना आजही आठवत नाही. भावाला काय काय सुनवायचं याची मनात जुळवाजुळव चालली होती. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी साडेतीन हजारांहून अधिक चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून अभ्यास केला आणि 2016 साली निष्कर्ष मांडले. चालक उघड संतापलेला, दुःखी किंवा रडत असेल तर अपघाताचा धोका जवळजवळ दहापट वाढतो, असं त्यात दिसलं. म्हणजे ज्या घडीला गाडी काढावीशी वाटते, नेमकी तीच घडी गाडी काढायला सर्वांत वाईट. बाई आता आधी चहा करतात, तो बसून पितात आणि मग किल्ली हातात घेतात.

त्या दिवशी घाटात धुकं उतरलं होतं. काचेवर आतून वाफ धरली, ती त्या ओढणीनं पुसत राहिल्या. थंडी वाजते म्हणून एसी बंद ठेवला होता. खरं तर अशा वेळी एसी लावून हवा समोरच्या काचेकडे वळवली की हवेतला दमटपणा जातो आणि काच झटकन साफ होते. पुढं उतार लागला. पाय सतत ब्रेकवर. खाली सपाटीला येईपर्यंत गाडीत करपट वास भरला आणि ब्रेक दाबला की पाय नेहमीपेक्षा खोल जाऊ लागला.

रस्त्याकडेच्या टपरीवर गाडी थांबवल्यावर त्यांनी बाटलीतलं पाणी चाकावर ओतायला घेतलं, तसा टपरीवाला धावत आला. “ताई, पाणी नका घालू. तापलेली डिस्क वाकडी होईल. निवू द्या आपली आपण.” मग चहा देता देता त्यानं घाटाचा जुना नियम ऐकवला, “चढताना जो गिअर लागतो, उतरताना त्याच गिअरात यायचं.” दुसऱ्या गिअरात इंजिनच गाडीला आवरून धरतं, ब्रेकला उसंत मिळते. गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे शहाणे उतारावर हीच मदत गमावून बसतात.

तोवर अंधारून आलं होतं. घाटात बराच वेळ मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे घरी नवऱ्यानं नातेवाइकांना आणि ओळखीच्या दवाखान्यांना फोन लावायला सुरुवात केली होती. बाई सुखरूप परतल्या. वाटणीचा तिढा पुढं वकिलासमोर बसून सुटला. ताम्हिणीचा त्यात काही वाटा नव्हता.

त्यांचं निभावलं, पण प्रत्येकाचं निभावतंच असं नाही. जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या मंडळींची गाडी रात्री अकोले तालुक्यात मोबाइलच्या नकाशावर विसंबून पाण्यात गेली. धरणाच्या पाण्याखाली गेलेला पूल नकाशाला ठाऊक नव्हता. चालक बुडाला. बाकीचे पोहून वाचले. गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तर त्यानं तो रस्ता बंद असल्याचं सांगितलं असतं, पण तशा अवेळी विचारणार कुणाला? पावसाळ्यात तर हे आणखी जपायला हवं. रस्त्यावरून वाहणारं फूटभर पाणी छोटी गाडी उचलू शकतं, दोन फूट पाण्यापुढं मोठी गाडीही टिकत नाही.

म्हणून बाईंनी स्वतःपुरती एक वेळ ठरवली आहे. पावसाळ्यात चार वाजले की जिथं असू तिथून परत. कुठं जायचं हे अजूनही ठरलेलं नसतं, त्यातच तर मजा आहे. मात्र रस्ता कुठला धरला हे घरी एका ओळीत कळवतात: ‘पौड रोडनं चाललेय.’ नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेला असतो. आपल्या कंपनीची रेंज गेली तरी दुसऱ्या एखाद्या कंपनीचं नेटवर्क असेल तर 112 हा आपत्कालीन नंबर लागू शकतो, हेही त्यांनी घरच्यांना सांगून ठेवलंय.

धुक्यात हल्ली बरेच जण चारही इंडिकेटर लावून गाडी चालवतात. त्यानं मागच्याला गाडी उभी आहे की चालू, डावीकडं वळणार की उजवीकडं, काहीच कळत नाही. ते दिवे गाडी बंद पडून थांबली तर लावायचे. चालत्या गाडीला हेडलाइटचा खालचा झोत पुरे. आणि घाटाच्या अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्यानं थांबून तिला वाट द्यायची. कायद्यानंही पहिला मान तिचाच आहे, मग मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो.