तिसऱ्या खणातला आकडा

फोन आला तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलचा इलेक्ट्रिशियन बोलत होता. "मॅडम, डबा चालूच होईना. लाल लाईट नुस्ती लुकलुकायलीय." साप्ताहिक सुट्टी संपून मिल सुरू व्हायची होती, भट्टी तापत आली होती, पाळीची माणसं हजर झाली होती. ती स्कूटी काढून निघाली. मिलच्या गेटवर पोचते तोच दुसऱ्या मिलमधून तसाच फोन आला. साडेसातला तिसरा.

ती एमआयडीसीतल्याच एका छोट्या शेडमध्ये काम करते. पाच-सहा माणसांचा हा कारखाना मिलवाल्यांना कंट्रोलर करून देतो. जालना सळईचं गाव. भंगार वितळवायचं, त्याचे बिलेट ओतायचे आणि ते लाल असतानाच रोलरमधून ओढून गज काढायचे, हे इथलं रोजचं काम. शेवटच्या स्टँडमधून बाहेर पडणारा टीएमटी गज हजार अंशांच्या आसपास तापलेला असतो. त्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारले की वरचा थर झटकन थंड होऊन कडक होतो आणि आतला गाभा चिवट राहतो. पाण्याचा दाब घसरला तर गजाची ताकदही घसरते. हा दाब आणि गजाचं तापमान दाखवणारा, नोंदवणारा डबा तिच्या शेडमध्ये तयार होतो. तो बंद असेल तर शहाणा सुपरवायझर लाईन सुरू करत नाही. त्या पहाटे तीन मिलच्या लाईन थांबल्या होत्या.

कॉलेजची मुलं इंटर्नशिपला आली की पहिल्याच दिवशी ती त्यांना ही गोष्ट सांगते. काही लपवत नाही, कारण चूक तिची स्वतःची होती.

मिलमध्ये पोचल्यावर तिने आधी संशय घेतला तो वीजपुरवठ्यावर. मिलमध्ये लोखंडाची बारीक धूळ सगळीकडे बसते, कनेक्टर खराब होतात, व्होल्टेज वरखाली होतं. तिने पॉवर सप्लाय बदलला, कनेक्टर पुसले. लाईट लुकलुकतच राहिली. मग लॅपटॉपला सिरियल केबल जोडली. स्क्रीनवर बूटलोडरची पहिली ओळ आली, दुसरी आली आणि नंतर 'ईएमएमसी सापडत नाही' एवढं सांगून डबा रिसेट झाला. पुन्हा तेच. दर काही सेकंदांनी तेच.

ईएमएमसी म्हणजे साठवणीची एक मेमरी, आणि त्या बोर्डवर ती नव्हतीच. तो जुना बोर्ड होता, त्यावर नँड मेमरी होती. मग बूटलोडर ईएमएमसी शोधत का होता?

उत्तर एका हेडर फाईलमध्ये होतं. तिच्या डब्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एएम३३५एक्स मालिकेतली चिप आहे, बीगलबोन ब्लॅकवर असते तीच. वीज आली की चिपमधला कायमचा प्रोग्राम एमएलओ नावाची एक लहानशी फाईल उचलतो. तिला १०९ किलोबाइटच्या आत बसावं लागतं, कारण तेव्हा बाहेरची रॅम जागीच झालेली नसते. एमएलओ रॅम जागी करते आणि मग पूर्ण आकाराचं यू-बूट, म्हणजे मुख्य बूटलोडर, उचलते. ते लिनक्सला उठवतं. तिच्या शेडने या दोन टप्प्यांमध्ये एक चिठ्ठी ठेवली होती. पहिला टप्पा मेमरीतल्या ठरलेल्या जागी तीन आकडे लिहून ठेवायचा आणि दुसरा ते वाचायचा. पहिल्या खणात ओळखीची खूण, दुसऱ्यात बोर्डाची आवृत्ती, तिसऱ्यात रॅमचा आकार. कुठल्या खणात काय, हे दोन्ही टप्प्यांसाठी सामाईक असलेल्या एका हेडर फाईलमध्ये लिहिलेलं होतं.

पुढे ईएमएमसी असलेला नवा बोर्ड आला. ईएमएमसी आहे की नाही हे दुसऱ्या टप्प्याला कळायला हवं, म्हणून तिने हेडरमधल्या स्ट्रक्चरमध्ये एक नवा खण घातला. घातला तो आवृत्तीच्या शेजारी, म्हणजे मधोमध. वाचायला तिथेच शोभत होता. शेडमधल्या टेबलावर दोन्ही टप्पे एकाच वेळी कंपाइल झाले, नव्या बोर्डवर चालले, जुन्या बोर्डवरही चालले. मग त्याच अपडेटमधल्या एका दुरुस्तीसाठी मिलमधल्या जुन्या डब्यांवर दुसरा टप्पा तेवढा बदलला गेला. पहिल्याला हात लावला नाही, कारण एमएलओ भरताना वीज गेली तर डबा पूर्ण मरतो. ही काळजी योग्यच होती. मिल चालू असल्यामुळे डबे लगेच रीबूटही केले नाहीत.

सुट्टीनंतर वीज आली तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या एमएलओने जुन्या पद्धतीने चिठ्ठी लिहिली आणि तिसऱ्या खणात रॅमचा आकार टाकला. २५६ मेगाबाइट, म्हणजे २६,८४,३५,४५६. नव्या यू-बूटच्या हिशेबाने तिसऱ्या खणात 'ईएमएमसी आहे का?' याचं उत्तर असायचं. शून्य म्हणजे नाही, दुसरा कोणताही आकडा म्हणजे आहे. त्याने सव्वीस कोटींचा आकडा वाचला आणि ईएमएमसी आहे असं धरून चाललं.

त्या दिवशी ती मेमरी कार्ड खिशात घालून सात मिल फिरली. तिन्ही बंद डब्यांवर दोन्ही टप्पे नव्याने भरले. उरलेल्या चार मिलमधल्या डब्यांनी अजून वीज जाण्याचा क्षण पाहिला नव्हता. ते तिने चालू असतानाच वाचवले. संध्याकाळी शेडच्या मालकांना तिने सगळं जसं घडलं तसं सांगितलं. ते म्हणाले, "कंपायलर काहीच कसा बोलला नाही?" या गोष्टीतला सगळ्यात कळीचा प्रश्न हाच.

कंपायलर बोलू शकत नव्हता. त्याला समोर ठेवलेली फाईल दिसते. दोन वर्षांपूर्वी त्याच हेडरवरून बनलेली आणि आता सात मिलच्या नँडमध्ये गोठून बसलेली फाईल त्याला दिसत नाही. सामाईक हेडर बदलणारा माणूस आजच्या कोडशी बोलत असतो, पण त्याचं बोलणं कालच्या बायनरीपर्यंतही पोचतं. बीजोत्पादनाच्या भागात वाढलेल्या तिला हे एका वेगळ्या वाटेने चटकन समजलं. जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली, तेव्हापासून आसपासच्या कित्येक शेतकऱ्यांनी बियाण्याचे प्लॉट घेतले. तिच्या वडिलांनीही घेतले. पायाभूत बियाण्यात भेसळ झाली तर ती प्लॉटवर थांबत नाही, पुढच्या हंगामात हजारो शेतांत उगवते. म्हणून प्लॉटभोवती विलगीकरणाचं अंतर राखतात आणि वेगळं दिसणारं झाड फुलोऱ्याआधीच उपटतात. हेडर फाईल म्हणजे पायाभूत बियाणं, असं ती मुलांना सांगते. उपमा जालन्याच्या मुलांना लगेच पटते.

ही अडचण फक्त एका शेडची नाही, हे तिला पुढे यू-बूटचा इतिहास वाचताना कळलं. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने पीपीसीबूट नावाने हा प्रकल्प उभा केला. २००२ मध्ये त्याचं नाव यू-बूट झालं. २०१२ पासून टॉम रिनी त्याचे मुख्य मेंटेनर आहेत. दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते, आणि शेकडो बोर्ड एकाच कोडवर चालतात. इतक्या बोर्डांच्या कोडमध्ये वर्षानुवर्षं जवळपास प्रत्येक फाईलची सुरुवात एकाच ओळीने व्हायची: कॉमन.एच आणा. त्या एका हेडरमधून इतर हेडर यायचे, त्यांच्यातून आणखी. कुणाला काय लागतं हे कुणी लिहायचंच नाही, कारण सगळ्यांना सगळं मिळत होतं. सोय मोठी होती, आणि तिच्यामुळेच कॉमन.एचला हात लावणं अवघड झालं. त्यातली एक ओळ हलवली तर कुठल्या बोर्डचं काय बिघडेल, सांगता यायचं नाही.

मग ते वेगळं करायला घेतलं. सायमन ग्लास यांनी २०१९-२० मध्ये लॉगचा, नेटवर्कचा, विलंबाचा असे एकेक हेडर कॉमन.एचमधून बाहेर काढले आणि ज्या फाईलला जे लागतं ते तिने स्वतः मागावं अशी व्यवस्था केली. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत रिनी यांनी उरलेल्या फाईलींतून ती ओळच काढायला घेतली, भाग पाडून, शेकडो पॅचमध्ये. त्याच मे महिन्यात एक वेगळीच, बीगलप्ले बोर्डच्या इथरनेटची छोटी दुरुस्ती मुख्य शाखेत घेताना पुढच्या आवृत्तीच्या शाखेतलं बरंच काही चुकून सोबत आलं. कॉमन.एच काढण्याचे पॅचही त्यात होते. चूक लक्षात आल्यावर रिनी यांनी तो सगळा मर्ज उलटवला आणि काय झालं ते कमिटच्या संदेशात स्वतःच्या नावाने सरळ लिहून ठेवलं. तो संदेश ती मुलांना वाचून दाखवते. इतक्या अनुभवी माणसाकडूनही चूक होऊ शकते, हे त्यांना कळावं. पण खरं तर तिला दाखवायचं असतं ते लिहून ठेवणं. पुढे कधी कुणी त्या कोडचा इतिहास चाळला तर एका ओळीचा उगम त्याला दोन मिनिटांत सापडेल.

लिनक्स कर्नेलमध्येही हेच दुखणं आहे. इंगो मोल्नार यांनी २०२२ च्या जानेवारीत हेडरांचा गुंता सोडवणारी २,२०० हून जास्त पॅचची मालिका मांडली होती. ती जशीच्या तशी मूळ कर्नेलमध्ये गेली नाही.

यू-बूटमधून कॉमन.एच गेल्याची झळ तिच्या शेडला २०२५ मध्ये लागली. जुन्या आवृत्तीवरून नव्या यू-बूटवर जायचं ठरलं आणि पहिल्याच कंपाइलला चूक आली: कॉमन.एच नावाची फाईल नाही. एका इंटर्नने तासाभरात तोडगा काढला. बोर्डच्या फोल्डरमध्ये त्याच नावाची फाईल बनवून त्यात पंधरा-वीस हेडर भरून टाकले. कंपाइल झालं. तिने ते शांतपणे काढून टाकायला लावलं आणि एकेका फाईलला काय लागतं ते शोधायला बसवलं. त्याला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत दुसरी, जास्त घातक गोष्ट सापडली.

बोर्डच्या काही सेटिंगची नावं कॉन्फिग.एचमधून येतात, आणि कॉन्फिग.एच पूर्वी कॉमन.एचमागे आपोआप यायचं. एका फाईलमध्ये 'हे नाव ठरलेलं असेल तर वॉचडॉग (अडकलेला डबा आपोआप रिसेट करणारी सोय) सुरू कर' अशी अट होती. आता ते नाव त्या फाईलपर्यंत पोचतच नव्हतं. कंपायलरला त्यात काही गैर वाटण्याचं कारण नाही. नाव ठरलेलं नाही, म्हणून त्याने तो भाग सोडला. एकही सूचना आली नाही. सापडलं ते आकारावरून. बदलाआधीचं आणि नंतरचं यू-बूट शेजारी ठेवलं तेव्हा नंतरचं शंभरेक बाइटने लहान निघालं. फक्त हेडरच्या ओळी हलवल्या असतील तर एक बाइटही कमी व्हायला नको होता. वॉचडॉगशिवायचा तो डबा मिलमध्ये गेला असता, तर अडकल्यावर कुणी वीज बंद-चालू करेपर्यंत अडकूनच राहिला असता.

म्हणून हेडर हलवण्याच्या कामात ती आता आधी आकार पाहते, मग कोड. यू-बूटमध्ये बिल्डमन नावाचं साधन आहे. ते एका कमिटवर आणि पुढच्या कमिटवर हवे ते सगळे बोर्ड कंपाइल करून कुठल्या बोर्डवर कुठलं फंक्शन किती वाढलं-घटलं ते सांगतं. बायनरीत कंपाइलची वेळ छापली जाते, त्यामुळे दोन बायनरी कधीच सारख्या दिसत नाहीत. ती वेळ सोर्स-डेट-इपॉक या व्हेरिएबलने गोठवायची आणि मग बाइटला बाइट ताडून पाहायचं. हलवणं आणि बदलणं ही दोन कामं ती एका कमिटमध्ये कधी येऊ देत नाही. हलवण्याच्या कमिटनंतर बायनरी तीच राहिली पाहिजे, आणि नाही राहिली तर काहीतरी नकळत बदललं आहे. प्रत्येक कमिट स्वतंत्रपणे कंपाइल झाला पाहिजे, हा आग्रहही त्यासाठीच. सहा महिन्यांनी गिट बायसेक्ट लावून चूक शोधायची वेळ आली आणि मधला एखादा कमिट कंपाइलच होत नसेल, तर शोध तिथेच अडतो.

आणि दोन टप्प्यांतल्या चिठ्ठीबद्दल ती फार कडक झाली आहे. चिठ्ठीच्या डोक्यावर खुणेसोबत आवृत्तीचा आणि एकूण लांबीचा आकडा असलाच पाहिजे, वाचणाऱ्याने तो आधी तपासला पाहिजे. नवा खण शेवटीच येतो, मध्ये कधीच नाही, कितीही शोभत असला तरी. जुना खण निरुपयोगी झाला तरी काढायचा नाही, 'राखीव' असं नाव देऊन जागा तशीच ठेवायची. कुठला खण कितव्या बाइटवर आहे हे कंपाइलच्या वेळीच तपासणारी ओळ हेडरच्याच खाली लिहिलेली आहे. कुणी मध्ये काही घातलं तर काम तिथेच थांबतं. हे तिने स्वतः रचलं. नंतर तिला कळलं की यू-बूटमध्ये ब्लॉबलिस्ट नावाची सोय आधीपासून आहे आणि तिच्यात प्रत्येक नोंदीला स्वतःची ओळख आणि आकार असतो. नवं काही सुरू करणाऱ्याने सरळ तीच वापरावी, असं ती सांगते.

तिच्या टेबलाच्या कडेला एक जुना बोर्ड कायम जोडलेला असतो. त्यावरची एमएलओ त्या पहाटेच्या आधीची आहे आणि ती बदलायची नाही असं कागदावर लिहून बोर्डला चिकटवलेलं आहे. परवा आर्द्रतेच्या सेन्सरसाठी चिठ्ठीत आणखी एक खण लागला. तो शेवटी घातला, नवं यू-बूट त्या बोर्डवर टाकलं आणि इंटर्नने वीज चालू केली. स्क्रीनवर पहिल्या टप्प्याची ओळ आली, तिच्यापुढे कित्येक वर्षं जुनी तारीख. खाली दुसऱ्या टप्प्याची ओळ, आजची तारीख. मग 'चिठ्ठी जुनी, नवा खण रिकामा धरला', आणि लिनक्स उठू लागलं. तरीही तिने सातही मिलला फाईल पाठवली नाही. एकाच मिलच्या इलेक्ट्रिशियनला फोन लावला आणि सुट्टीच्या दिवशी डबा बंद करून परत चालू करून बघा, असं सांगितलं. "आत्ताच करतो की," तो म्हणाला. ती म्हणाली, "नको दादा, सुट्टीपर्यंत थांबा."