समाजमाध्यमांवरील जाहीर आभार : कोणाचे व केव्हा

शेतमाल पिकविणे एका कुटुंबाच्या कष्टाने साधते. तो विकणे मात्र अनेकांच्या साहाय्याविना होत नाही. रोपवाटिकेचा चालक, खते-औषधांचा दुकानदार, गाडीवाला, हमाल, तोलाईदार, आडत्या व खरेदीदार यांपैकी एकाने जरी ऐन वेळी हात आखडता घेतला, तरी वर्षभराच्या श्रमांवर पाणी पडते. अशा मंडळींची आठवण ठेवण्याची रीत जुनीच आहे. हुरड्याचे आमंत्रण किंवा घरच्या आंब्यांची पाटी हे तिचेच रूप होय. अलीकडे गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर आभाराचे संदेश दिसू लागले आहेत. ही प्रथा स्वागतार्ह आहे. तथापि हुरडा ज्यास दिला त्याच्यापुरताच राहतो, गटावरील आभार मात्र शेकडो लोक वाचतात, हा भेद शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

व्हॉट्सॲपच्या एका गटात 2022 पासून 1024 पर्यंत सभासद असू शकतात आणि तेथील संदेश कोणीही दुसऱ्या गटाकडे धाडू शकतो. त्यामुळे ‘शेठजींनी उत्तम भाव दिला, मनःपूर्वक आभार’ हे वाक्य निव्वळ सौजन्य न राहता त्या व्यापाऱ्याचे प्रशस्तिपत्र बनते. नाशिक व सांगली या जिल्ह्यांतील द्राक्ष बागाइतदारांना याचे मोल विशेष आहे. तेथे पुष्कळसा माल बाजार समितीच्या आवारात न जाता शिवार सौद्याने बागेतच विकला जातो. पहिल्या तोडणीचे पैसे रोख मोजून विश्वास संपादन करावयाचा, नंतर उधारीवर मोठा माल उचलावयाचा आणि हंगाम सरताच नाहीसे व्हावयाचे, अशा फसवणुकीच्या तक्रारी या भागांत वारंवार पोलिसांत दाखल झाल्या आहेत. पहिली रोख रक्कम हाती पडताच एखाद्याने भरल्या मनाने आभार लिहिले, तर त्याचा शेजारी तेवढ्याच भरवशावर विसारही न घेता आपली बाग तोडावयास देतो. लिहिणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. बुडतो तो वाचणारा.

म्हणून शिवार सौद्यातील खरेदीदाराचे जाहीर आभार शेवटच्या तोडणीची रक्कम बँकेच्या खात्यात जमा झाल्यानंतरच मानावेत. धनादेश हाती आला म्हणजे पैसे मिळाले असे नव्हे. तो वटला पाहिजे. ‘पैसे मिळाले, आभारी आहे’ असे आगाऊ लिहिणे तर सर्वथा टाळावे, कारण पुढे तंटा उद्भवल्यास तेच वाक्य शेतकऱ्यापुढे धरले जाण्याचा संभव असतो. हिशेबपट्टी, काट्याची पावती व सौद्याचे लेखी टिपण यांची जागा आभाराचा संदेश घेऊ शकत नाही.

दुकानदाराच्या बाबतीत सावधगिरी निराळ्या प्रकारची आहे. ‘दुकानदार साहेबांनी दिलेल्या औषधाने भुरी गेली’ असा संदेश वाचून दुसरा शेतकरी तेच औषध आणतो. त्याचा माल काढणीस आला आहे की नाही, फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे त्या संदेशात नसते. निर्यातीच्या द्राक्षांत औषधाचा अंश मर्यादेबाहेर आढळल्यास माल नाकारला जातो. दुकानदाराने पक्की पावती दिली, मुदत संपत आलेला माल आपणहून बाजूला काढला, याबद्दल त्याचे आभार जरूर मानावेत. औषधाची वाखाणणी त्यात गुंफू नये.

आभार कशाबद्दल, हे स्पष्ट लिहिले तरच वाचणाऱ्यास उपयोग होतो. ‘सदैव सहकार्य लाभते’ यातून काहीच कळत नाही. ‘रात्री पाऊस असूनही गाडीवाल्या भाऊंनी टोमॅटोवर ताडपत्री घालून पहाटेच्या लिलावापूर्वी माल पोहोचविला, एकही क्रेट भिजले नाही’ एवढे पुरेसे आहे. कोणाचा भ्रमणध्वनी क्रमांक, छायाचित्र किंवा खाजगी सौद्यातील भाव त्याच्या संमतीविना गटावर टाकू नये. काही खरेदीदारांस आपला भाव इतरांस कळणे रुचत नाही.

जाहीर आभार बहुधा शेठजींच्याच वाट्यास येतात. हमाल व गाडीवाला मागे राहतात. वस्तुतः खरा लाभ त्यांनाच होतो. चार गावांत नाव झाले तर गाडीवाल्यास परतीचे भाडे मिळते, आणि घडांचे मणी न गळू देता पेट्या उतरविणाऱ्या हमालास पुढील हंगामी लोक शोधत येतात. येथे उधारीचा प्रश्न नसल्याने काम झाले त्याच दिवशी लिहावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी स्वतः चालविलेल्या गटावर कोणत्याही व्यापाऱ्याचे वा दुकानदाराचे गुणगान करू नये. शासनाची शिफारस म्हणून ते वाचले जाते. शेतकऱ्यांकडून मात्र हंगामअखेर अशी टिपणे लिहवून घ्यावीत. द्राक्षपट्ट्यात त्यासाठी एप्रिलमधील खरड छाटणीच्या सुमाराचे दिवस सोयीचे पडतात. तोवर बहुतेकांचे हिशेब मिटलेले असतात आणि कोणाकडे किती रक्कम थकली आहे, हेही उघड झालेले असते.