राणी आणि पोपटी एकाच कार्डावर

पोरी, ताईला यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी येणं जमत नाही, म्हणून तू तिला हातानं कार्ड करून पाठवणार, हे फार चांगलं केलंस. रंग मात्र निवडलेस ते राणी आणि पोपटी! तिच्या आवडत्या साडीचे रंग, म्हणून हट्ट. असू दे. साडीवर ही जोडी खुलते, कारण रेशमाला चुण्या पडतात, सावल्या पडतात आणि काठाआधी जरीची रेघ मध्ये येते. कागद सपाट. त्यावर हे दोघं एकमेकांना चिकटून आले की कडेला डोळ्यांत चिरचिर होते, अक्षरं हलल्यासारखी दिसतात. रंग बदलू नकोस. त्यांना नांदवायचं कसं, तेवढं सांगते. सगळं एका दमात वाचू नकोस, काम करताना हाताशी ठेव.

१. पहिल्या दिवशी कार्डाच्या कागदाला हात लावायचा नाही, नुसती चिठोरी रंगवायची – चिठोरं बिघडलं तर कार्ड वाचतं.

२. दोन्ही रंग निम्मे-निम्मे घेऊ नकोस. बारा आणे राणी, तीन आणे पोपटी आणि उरलेला एक आणा कोरा कागद – दोघांना सारखी जागा दिली की बघणाऱ्याला आधी कुठं बघावं तेच कळत नाही. पोपटी जास्त लाडका असेल तर उलट कर, पण एकाला मोठेपण दे.

३. रंगवलेलं चिठोरं हातभर लांब धर आणि डोळे किलकिले करून बघ. दोन रंग एकमेकांत विरले तर एकाला फिकं किंवा गडद कर – वेगळेपण दाखवायला रंगापेक्षा उजेड-अंधाराचा फरक जास्त कामाला येतो.

४. खात्री हवी असेल तर मोबाईलवर फोटो काढ आणि तो काळा-पांढरा करून बघ. दोन्हीकडे सारखाच करडा आला तर पोपटीत पांढरा घाल, जोडी लगेच सुटी होते – शिवाय काही माणसांना, त्यातही पुरुषांना जास्त, लाल-हिरव्यातला फरक जन्मतःच नीट दिसत नाही, आणि कार्ड काही एकटी ताईच बघणार नाही, दाजी आहेत, सासरे आहेत.

५. राणी फारच भडक वाटला तर पाणी ओतत बसू नकोस, त्यात ब्रशच्या टोकाएवढा पोपटी मिसळ – समोरासमोरचे रंग एकमेकांचा तोरा उतरवतात. टोकाएवढाच हं! जास्त झाला की मातकट करडा तयार होतो आणि तो परत राणी होत नाही.

६. म्हणूनच एक रंग पुरता वाळल्याशिवाय दुसरा त्याच्या शेजारी लावायचा नाही – दोघं ओले भेटले की मधल्या कडेला चिखल होतो. ओल्यात घाई, वाळल्यावर उपाय नाही.

७. दोघांच्या मध्ये कोऱ्या कागदाची रेघ सोड, तांदळाच्या दाण्याइतकी रुंद – डोळ्याला टेकायला तेवढी जागा लागते.

ही सातवी गोष्ट सगळ्यांत कामाची, म्हणून थोडं थांबते. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरच्या म्हाताऱ्या बंजारा बायकांची जुनी फेटिया-कांचळी कधी जवळून बघ, पण आधी विचारून बघ. लाल, हिरवा, पिवळा, निळा, सगळे ठसठशीत रंग एका हातभर कापडावर असतात आणि तरी एकानं दुसऱ्याला ढकललंय असं वाटत नाही. आता रंग सोडून मधली जागा बघ. तिथं आरसे आहेत, कवड्या आहेत, पांढऱ्या दोऱ्याचे टाके आहेत. लाल संपतो तिथं लगेच हिरवा लागत नाही, आधी काहीतरी पांढरं किंवा चमकणारं लागतं. ज्या बायकांनी हे केलं त्या कुठल्या चित्रशाळेत गेल्या नव्हत्या, पण मला विचारशील तर रंगांचं इतकं पक्कं ज्ञान आपल्या भागात दुसरीकडे सापडणं अवघड.

दुसरी शाळा म्हणजे अजिंठा. जामनेरहून पहूर, पुढं वाकोद, फर्दापूर, की आलंच. शाळेच्या सहलीत तू पायऱ्या मोजत धावली असशील, आता पुन्हा जाशील तेव्हा पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर निवांत उभी राहा. त्या चित्रकारांकडे रंग थोडेच होते: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि पांढऱ्यासाठी चुना-खडी. निळा तेवढा लाजवर्दाच्या दगडाचा, तो पार अफगाणिस्तानातून यायचा. तिथं लाल आणि हिरवा शेजारी-शेजारी आहेत, पण चिरचिर नाही. एक तर दोन्ही मातीचे रंग, मुळातच शांत. दुसरं म्हणजे आकाराच्या कडेनं ओढलेली गडद रेघ. आपले बाटलीतले रंग तेवढे सोशिक नसतात, म्हणून आपल्याला जास्त जपावं लागतं.

८. कोरी रेघ सोडणं हाताला जमत नसेल तर दोन रंगांच्या मधून गेरूची किंवा गडद तपकिरी बारीक रेघ ओढ – काळी रेघ या जोडीवर फार कडक दिसते, तपकिरी मिळून जाते.

९. रंग एकटा बघून पसंत करू नकोस, ज्याच्या शेजारी बसणार त्याच्यासकट बघ – शेजारी बदलला की तोच रंग वेगळा दिसतो. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात शेवरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचे प्रमुख होते. काळा धागा निस्तेज दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. तपासलं तर धाग्याचा रंग चोख होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे तो फिका भासत होता. त्यावर त्यांनी १८३९ साली मोठं पुस्तकच लिहिलं.

१०. शेवटची पसंती दारात उभं राहून, दिवसाच्या उजेडात – ब्लाउजपीस घेताना आपण दुकानाच्या पायरीवर येऊन साडीशी लावून बघतो ते उगाच नाही, ट्यूबखाली जुळलेला रंग उन्हात फितूर होतो.

आता राणी रंगाच्या खोड्या ऐक. हा रंग दिसायला राजस, पण वागायला हूड.

११. राणी रंगावर पांढरी नक्षी काढायला जाऊ नकोस, पांढरं हवं तिथं कागदच कोरा सोड – स्वस्तातला राणी रंग खालून वर झिरपतो आणि पांढरा घटकाभरात गुलाबी होतो.

१२. रंगवताना तळहाताखाली सुका कागद ठेव – वैशाखात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, हाताला घाम सुटतो, आणि हा रंग घामाच्या एका थेंबानं पसरतो.

१३. तयार कार्ड खिडकीत, उन्हात वाळत घालू नकोस, घरातच सावलीला ठेव – स्केचपेनचा आणि चमकदार गुलाबी रंग उन्हानं सगळ्यांत आधी उडतो.

१४. पोपटीत पिवळेपणा आणायला स्वयंपाकघरातली हळद घालशील, मी ओळखते तुला! नको – हळदीचा रंग उन्हानं उडतो आणि चुना किंवा साबणाचा अंश लागला की ती लाल होते. कुंकू असंच तर करतात.

१५. तिथी-सणाचं कार्ड म्हणून कोपऱ्यात हळद-कुंकवाचं बोट लावायचं असेल तर सगळं झाल्यावर, कोरडंच लाव आणि जादा झटकून टाक – ओलं कुंकू पाकिटात सगळ्या कार्डभर फिरून येतं.

१६. चमकी नको. – ती कार्डावर कमी आणि ताईच्या घरातल्या जेवणात जास्त जाते.

कागदाचं आणि घडीचं काम कंटाळवाणं वाटेल, पण कार्ड दारातच सुबक दिसतं ते यामुळे.

१७. कार्डशीट आधी दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघ, ज्या बाजूनं सहज वाकते त्या बाजूनंच घडी घाल – कागदालाही धाग्याची दिशा असते, तिच्या विरुद्ध मोडलं की घडीवर रंग तडकतो आणि पांढरी फाट दिसते.

१८. घडीच्या जागी स्टीलची पट्टी धरून संपलेल्या रिफिलनं एक दाब-रेघ ओढ, मग मोड आणि चमच्याच्या पाठीनं घास – नखानं घासलं की चकाकणारा ओरखडा उमटतो.

१९. घडी आधी, रंग मग – रंगवलेला कागद मोडला तर कष्ट मोडतात.

२०. फार जाड कागद घेऊ नकोस. ए-फोर आकाराची ३०० जीएसएमची कार्डशीट एकटीच १९ ग्रॅमच्या आसपास भरते, वर पाकीट आणि चिकटवलेली नक्षी – टपालाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, तो ओलांडला की तिकीट वाढतं. २०० जीएसएमची साडेबारा ग्रॅम भरते, ती पुरे.

२१. मिळाला तर हातकागद आण, पण त्यावर रंग घट्ट घे, पाणी कमी – तो पाणी पितो आणि कड पसरते. आपल्या जिल्ह्यातलं एरंडोल एके काळी हातकागदासाठी नावाजलेलं होतं, हे ताईला कार्डात लिहिलंस तरी तिला कौतुक वाटेल.

२२. झोका, निंबाची फांदी आणि घागर, एवढंच चित्र पुरे. गौराई, सांजोऱ्या, आंबे, पंगत सगळं एका कार्डावर कोंबू नकोस – जोडी अवघड असली की चित्र सोपं ठेवावं. झोक्याच्या दोऱ्या आणि पाट कोरा सोड, मागची जागा राणी कर, पानं पोपटी; बघ, तीन आणे आपोआप तीन आणेच राहतात.

२३. चिकटवताना पंखा बंद आणि फेव्हिकॉल पातळ थरात, जुन्या कार्डाच्या कडेनं पसरून – जाड थरानं कागद फुगतो. उन्हाळ्यात तो भराभर वाळतो, तेव्हा एका वेळी एकच तुकडा घे आणि चिकटवून जाड पुस्तकाखाली दाब.

आणि मजकूर. इथं मात्र मी जरा कडक आहे.

२४. राणीवर पोपटी अक्षरं काढायची नाहीत, पोपटीवर राणी तर मुळीच नाही – वाचणाऱ्याचे डोळे दुखतात आणि मजकूर वाया जातो. पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटव, तीवर गडद निळ्या किंवा काळ्या पेननं लिही.

२५. आधी पेन्सिलीनं शिरोरेषा आख, वर मात्रा-वेलांटीला आणि खाली उकाराला जागा सोड – आपली अक्षरं रेघेवर उभी राहत नाहीत, रेघेला लटकतात, म्हणून वरची रेघ चुकली की सगळी ओळ चुकते.

२६. पूर्ण मजकूर एकदा चिठोऱ्यावर लिहून बघ – शेवटचा शब्द कडेला चेंगरला की पहिल्या शब्दाची शोभा जाते. मोजून लिहिलं ते मावून बसतं.

२७. दुकानातल्या कार्डावरची वाक्यं उतरवू नकोस, घरात जसं बोलता तसं लिही, आपल्या बोलीतले दोन शब्द येऊ देत – शुभेच्छा तिला दहा जणांकडून येतील. अंगणातल्या निंबाला यंदाही झोका बांधलाय आणि तिच्या पाळीला कोण बसतं, हे तुझ्याशिवाय कोण कळवणार?

२८. घरातल्या सगळ्यांना एकेक ओळ लिहायला लाव, बाबांनाही – ते नाही म्हणतील, पेन हातात दे आणि तिथून निघून जा, लिहितात.

राहिलं टपाल.

२९. पाकीट कार्डापेक्षा दोन्ही अंगांनी अर्धा सेंटिमीटर मोठं कर – घट्ट पाकिटातून ओढताना नक्षीचे कोपरे निघतात.

३०. कार्डाच्या आत रंगवलेल्या बाजूवर पातळ कोरा कागद ठेव – समोरासमोरची पानं दमट हवेत चिकटतात, आणि ताई राहते तिथली हवा आपल्यासारखी कोरडी नाही.

३१. मणी, टिकल्या, लाकडी तुकडे असलं उंच काही चिकटवू नकोस – शिक्का मारताना पाकीट त्या जागी फाटतं.

३२. पाकीट पांढरं किंवा खाकी ठेव, पत्ता गडद शाईनं, पिनकोडचे सहाही आकडे सुटे-सुटे, आणि मागं आपला पत्ता ४२४२०६ सकट – राणी रंगाच्या पाकिटावरचा पत्ता पोस्टमनला दारोदार वाचत उभं राहायला लावू नये.

३३. टपाल कचेरीत वजन करूनच तिकीट लाव आणि आखाजीच्या दहा दिवस आधी टाक – तिकीट कमी पडलं तर पैसे ताईला भरावे लागतात. लवकर पोचलं तर ती सणापर्यंत कार्ड फडताळावर मांडून ठेवेल, उशिरा पोचलं तर आंबे संपलेले असतील.

आज एवढंच कर: दोन्ही रंगांची पाच-सहा चिठोरी रंगव, कमी-जास्त पांढरा घालून, आणि सावलीत वाळू दे. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत ती घेऊन माझ्याकडे ये. ओट्यावर बसून दोघी मिळून एक जोडी निवडू, मगच कार्डशीटला पट्टी लाव.