आधी चव, मग साठा

चि. सई हिस,


हजार रुपयांच्या आतबाहेरच्या रेड वाइन कशा निवडायच्या आणि पुण्याच्या फ्लॅटमध्ये डझनभर बाटल्या नीट कशा ठेवायच्या, असे दोन प्रश्न तू विचारलेस. दोन्ही चांगले आहेत, पण त्यांचा क्रम सांभाळ. आधी चव शीक, मग साठा कर. चव कळण्याआधी केलेला साठा दुकानदाराच्या आवडीचा असतो. माझं आयुष्य दिंडोरीकडच्या द्राक्षबागा आणि वायनरीची प्रयोगशाळा यांत गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात आपल्याकडच्या वाइनपासून कर. यात अभिमान आहेच, पण हिशेबही आहे. परदेशी वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के सीमाशुल्क लागत आलं, त्यामुळे तिकडची रोजच्या जेवणातली साधी बाटली इथे चैनीची वस्तू होऊन बसते. उलट महाराष्ट्रात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनला २००१च्या धोरणापासून उत्पादन शुल्कात मोठी सवलत मिळत आली. म्हणून तेवढ्याच पैशात नाशिकची किंवा अकलूजची बाटली तुला अधिक काही देऊन जाते.

पहिल्या सहा महिन्यांत तीनच द्राक्षं ओळखायला शीक. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गरही फिकट असतो. वाइनला रंग येतो तो सालीतून, आणि तुरटपणा, म्हणजे टॅनिन, येतो साल आणि बी यांतून. आंबवताना साली रसात किती दिवस राहिल्या, यावर बरंच काही ठरतं.

पहिलं शिराझ. नाशिकच्या बहुतेक वायनऱ्या ते करतात. चांगल्या शिराझला पिकल्या जांभळाच्या जोडीने काळ्या मिऱ्याचा वास येतो. तो भास नाही. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिराझमधलं रोटंडोन नावाचं द्रव्य ओळखलं, आणि मिऱ्याचा वासही त्याच द्रव्याचा. त्यांच्या चाचणीत साधारण पाचातल्या एकाला तो वास येतच नव्हता. तेव्हा तुला मिरी जाणवली नाही, तर स्वतःच्या नाकावरचा विश्वास उडू देऊ नकोस. दुसरं कॅबरने सोव्हिन्याँ. याची साल जाड, त्यामुळे तुरटपणा जास्त. द्राक्षं पुरती पिकण्याआधी तोडली असतील, तर हिरव्या ढोबळी मिरचीचा वास पुढे येतो. तिसरं सांजोवेसे, मूळचं इटलीचं. फ्रातेल्ली वायनरीने ते सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात लावलं. त्यात आंबटपणा ठळक असतो, म्हणून टोमॅटोच्या रश्श्याबरोबर ते छान जुळतं. ही तीन ओळखीची झाली की नंदी हिल्सच्या ग्रोव्हर वायनरीचं ‘ला रिझर्व’ घे. त्यात कॅबरने आणि शिराझ एकत्र आहेत, आणि कोणाचा वाटा कुठे संपतो हे शोधण्यात शिकायला खूप मिळतं.

चाखताना घाई करू नकोस. ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भर. पांढऱ्या कागदावर तिरका धरून रंग बघ. कड जांभळट असेल तर वाइन तरुण, विटकरी असेल तर वय झालेलं. मग ग्लास फिरवून वास घे, आणि जे आठवेल ते मराठीतच लिही: करवंद, जांभूळ, लवंग, ओली माती, चामडं. परदेशी पुस्तकांतली ब्लॅककरंट तू खाल्लेली नसताना वहीत उतरवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिभेने चाखणं. घोट तोंडभर फिरव आणि चार गोष्टी तपास: आंबटपणा लाळ सुटेल इतका आहे का, कच्चं केळं चावल्यासारखा तुरटपणा हिरड्यांना किती धरतो, अल्कोहोल घशात जाळतं का, आणि गिळल्यावर चव किती वेळ टिकते. स्वस्त वाइनमध्ये गुंतागुंत थोडी असते, पण तोल असू शकतो. तोल असलेली स्वस्त वाइन ही चांगली वाइन, एवढं मनाशी पक्कं धर.

किंमत माहीत असली की जीभ खरं बोलत नाही. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या संशोधकांनी एकच वाइन लोकांना दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूत सुखाची जाणीव नोंदवणारा भागही तेव्हा अधिक जागा झाला. म्हणून मैत्रिणी जमतील तेव्हा एकाच द्राक्षाच्या, एकाच वर्षाच्या तीन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळ, त्यावर आकडे टाक, आणि सगळ्यांची मतं लिहून झाल्यावरच कागद काढ. एका संध्याकाळी इतकं शिकवणारी दुसरी रीत मला माहीत नाही.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं लोक सांगतात. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३२च्या पुढे असते, आणि तेवढ्या उष्णतेत अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दबून जातो. तेव्हा बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवून मगच उघड. जेवणाचंही तसंच. तिखटाबरोबर टॅनिन आणि अल्कोहोल आणखी झोंबतात, म्हणून तांबड्या रश्श्याशी कॅबरनेची गाठ घालू नकोस. चरबी आणि मीठ तुरटपणा मऊ करतात, म्हणून सुकं मटण, खिमा किंवा कमी तिखटाची भरली वांगी कर.

आता साठा. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की या किमतीच्या बहुतेक रेड वाइन जुन्या करण्यासाठी नसतात. त्या ताज्या फळासाठी केलेल्या असतात, आणि द्राक्षतोडणीपासून दोन-तीन वर्षांत प्यायल्या तरच त्यांचं चीज होतं. बाटलीवरचं वर्ष तोडणीचं असतं. नाशिकला आम्ही ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करतो आणि जानेवारी ते मार्च तोडणी चालते. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन बाटल्यांत आपली सहा-सात महिन्यांनी थोरली. खरेदीच्या वेळी हा हिशेब विसरू नकोस.

दुसरी गोष्ट उष्णता. लांबच्या साठवणीला १२ ते १४ अंश उत्तम, पण तापमान सारखं खालीवर होणं हे थोडं जास्त असण्याहूनही वाईट. गरम झालेली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि आत शिजल्यासारखी होते. म्हणून स्वयंपाकघर, पश्चिमेची भिंत आणि फ्रिजच्या डोक्यावरची जागा वर्ज्य. आतल्या भिंतीच्या कपाटाचा तळचा, अंधारा कप्पा निवड आणि तिथे एक साधा तापमापक ठेव. नैसर्गिक बुचाच्या बाटल्या आडव्या ठेव, म्हणजे बूच ओलं राहील. फिरकीच्या झाकणाच्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. एप्रिल-मेमध्ये चांगल्या दोन-चार बाटल्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात हलव. वाइनचा लहान फ्रिज घेणारच असशील तर कॉम्प्रेसरचा घे. कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातो, आणि आपल्या उन्हाळ्यात तेवढं पुरत नाही. दुकानातही उन्हात मांडलेली, बूच वर आलेली किंवा मानेशी चिकट झालेली बाटली घेऊ नकोस, आणि घेतलेली गाडीच्या डिकीत दुपारभर सोडू नकोस.

तिसरी गोष्ट वही. नाव, वर्ष, खरेदीची तारीख, किंमत, कधीपर्यंत प्यायची, कधी उघडली आणि पुन्हा घेशील का, एवढे रकाने पुरेत. प्रत्येक वाइनच्या दोन बाटल्या घे. एक लगेच चाख, दुसरी सहा महिन्यांनी, आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाच. वेळ वाइनचं काय करते हे तुला त्यातूनच कळेल. चोवीस बाटल्यांच्या वर जाऊ नकोस. पंचविसावी आणायची असेल तर आधी एक उघड.

उघडलेली वाइन हवेने बिघडते. अर्धी उरणार असेल तर उघडल्याबरोबर छोट्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेव. तीन-चार दिवस बरी राहते. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचाचा, व्हिनेगरसारखा आला तर वाइन आंबली. अशी वाइन भिडेखातर पिऊ नकोस.

दोन गोष्टी मावशी म्हणून. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. उत्पादन शुल्क विभागाकडून तो काढ, आणि घरी किती साठा चालतो हेही तिथेच विचारून घे. दुसरं, वाइनने हृदय सुधारतं वगैरे ऐकून पिऊ नकोस. मद्याचं कोणतंच प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. आपण पितो ते चवीसाठी, आणि चव पहिल्या ग्लासातच पुरती कळते. चाखायच्या दिवशी थुंकायला भांडं ठेव. आम्ही प्रयोगशाळेत रोज तेच करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तुझ्या डझनातल्या सर्वांत जुन्या दोन बाटल्या या रविवारी काढ आणि गुंडाळून चाख. सहा वाइनच्या नोंदी झाल्या की वही मला पाठव. पुढची खरेदी आपण तिच्यावरूनच ठरवू.

तुझी,
मावशी